पालिश पेंटरचं जेवण

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. शिक्का मारून, सही ठोकून खोटं लिहिलंत. देऊळघाटच्या वाचनालयात त्या रविवारी 'श्रोते : निरंक' असं तुमच्या अहवालात आहे. निरंक! पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तुम्हाला एक माणूस दिसला नाही. ज्या पंगतीत तुम्ही मांडी घालून बसलात, तिसऱ्या रोडग्याला "अर्धाच द्या, अर्धाच" म्हणत अख्खा घेतलात, ती पंगतही निरंकच धरायची का? मग तुम्हाला तूप वाढलं कोणी? हवेनं?

तुमच्या अहवालात जे नाही ते असं.

धम्मशीला ही वाचनालयाची ग्रंथपाल. ग्रंथपाल हे नुसतं म्हणायला. कुलूप उघडायचं तिनं, झाडायचं तिनं, पेपरला काठी लावायची तिनं आणि पुस्तक दाबून बसलेल्या माणसाच्या दारात जाऊन भांडायचंही तिनंच. शिकली होती चित्रकला. पदविका घेऊन आली तोवर शाळांनी चित्रकलेचे मास्तर घेणं बंद केलं होतं. चित्र काय, कोणीही काढतं, असं वरच्यांचं मत पडलं. म्हणून ती पुस्तकांत आली. पण वाचनालयात शिरलं की पहिली दिसायची ती भिंत, आणि भिंतीवर खडूनं काढलेली तिची चित्रं. दर सोमवारी पुसायची, नवं काढायची.

गेल्या हिवाळ्यात योजना आली. जगातल्या चित्रकारांवर गावोगावी व्याख्यान. कापडावर छापलेली मोठाली चित्रं तुमची जिल्हा कचेरी देणार, बोलणारं माणूस गावानं उभं करायचं. शंभर श्रोते बसले तर त्या गावाला वर्षभर दर महिन्याला एक चित्रकार, चित्रांसकट. नाही बसले तर मालिका जिल्ह्याच्या गावी, पंख्याच्या सभागृहात. धम्मशीलेला ती मालिका हवी होती. खडूच्या चित्रांनी जे भागत नव्हतं ते तिला गावात आणायचं होतं. बाकी काही नको होतं तिला.

नाव असलेले चित्रकार मोठ्या गावांनी आधीच उचलले. खामगावनं एक नेला, मेहकरनं एक नेला. देऊळघाटच्या वाट्याला तळाशी उरलेला आला. बोगुमिल सारना, देश पोलंड, शतक विसावं.

"याचं नाव मीसुद्धा ऐकलेलं नाही, ताई," तुम्ही खुर्चीत रेलून म्हणालात. "गावाकडच्या लोकांना काय कळणार? झेपत नसेल तर आत्ताच सांगा, इकडेच उरकून टाकू."

"झेपते," ती म्हणाली. बाहेर आली तेव्हा तिची कानशिलं तापली होती.

नमुना म्हणून मिळालेलं एक चित्र तिनं घरी खाटेवर पसरलं. निळं दार. दारावर पांढरं बदक. बस, एवढंच. तिची आई जनकाबाई पदराला हात पुसत आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे कोणाचं दार हाय वं?"

"पोलंडमधलं हाय, माय."

"कोणत्या तालुक्यात येते ते?"

"लय दूर हाय. तिथं बर्फ पडते."

"मंग बदक बाहेर कायले ठेवलं? आत घ्या म्हणा त्याले."

त्या दिवसापासून धम्मशीला त्या माणसामागे लागली. कचेरीनं दिलेलं माहितीपत्रक पाठ झालं, मोबाइलवर सापडलं तेवढं वाचून झालं, आणि चांगलं वीस पानी भाषण तयार झालं. शुद्ध, कडक, इस्त्रीचं भाषण. 'सारना यांच्या चित्रसृष्टीतील प्रतीकात्मकता' वगैरे.

वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव. बागायतदार माणूस, पेपरातली फक्त बाजारभावाची पानं वाचणारे, पण मन सरळ. त्यांनी जाहिरातीचा मजकूर पाहिला आणि एकच सल्ला दिला.

"चित्रकार नको लिहू, पोरी. चित्रकार म्हटलं की लोकायले वाटते भाषण हाय. पेंटर लिही. पेंटर सगळ्यायले समजते."

तिला पटलं. तिनं कागदावर ठळक अक्षरात लिहिलं : 'विसाव्या शतकातील थोर पोलिश पेंटर बोगुमिल सारना. जीवन आणि कार्य. रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या पटांगणात.' कागद रवीच्या हातात दिला आणि उरलेली चित्रं आणायला बुलडाण्याची बस पकडली.

रवीचा ऑटो आणि ऑटोवर भोंगा. हरवलेली बकरी, पोलिओचा डोस, आलेली मेथी, गेलेली वीज, सगळं गावाला रवीच्या तोंडून कळायचं. आजवर त्यानं कोणाचा कागद जसाच्या तसा वाचला नव्हता. लिहिणाऱ्यापेक्षा आपल्याला गाव जास्त कळतं, हा त्याचा विश्वास. शनिवारी आठवडाभराची सगळी ताकद लावून तो गल्लीबोळांतून फिरला :

"ऐका हो ऐका! उद्या रविवारी! सकाळी दहा वाजता! वाचनालयाच्या पटांगणात! इसाव्या शतकातला थोर पालिश पेंटर! त्याचं जेवण आणि कार्य! हाव, जेवण आणि कार्य! कार्य प्रत्यक्ष पाहाले मिळंन हो!"

आता देऊळघाटात पालिश पेंटर एकच. बसस्टँडच्या बाजूला पत्र्याचं दुकान, त्यावर पाटी : 'कडूबा पालिश पेंटर. दरवाजे, पलंग, देव्हारे.' आणि गावात कार्य म्हणजे काय असतं ते काय सांगायचं? लग्न नाहीतर साखरपुडा. कार्य म्हटलं की जेवण आलंच. रवीनं ते स्वच्छ सांगितलंही होतं. संध्याकाळपर्यंत कडूबाच्या दुकानापुढे माणसांची रीघ लागली.

"काऊन बे कडूबा, कोणाचं कार्य काढलं? सांगतलंबी नाई?"

"पोराचं तं झालं मागच्या साली. का तुह्यंच करून राह्यला दुसऱ्यानं?"

कडूबा ब्रश हातात धरून ऐकत राहिला. साठीला टेकलेला माणूस, मिशी अजून पालिशसारखीच काळी. आधी तो चक्रावला. मग 'थोर' हा शब्द त्याच्या कानात उतरला. मग 'इसाव्या शतकातला' हा. त्याचा जन्म सत्तरच्या आधीचा, म्हणजे शतक बरोबर होतं. 'जीवन आणि कार्य' हे शब्द तर तो पुढाऱ्यांच्या सत्काराच्या पाट्यांवर स्वतःच्या हातानं आयुष्यभर लिहीत आला होता. मग त्याला कळलं. गाव आपला सत्कार करतंय आणि आपल्याला न सांगता करतंय.

"उशिरा का होईना, अक्कल आली गावाले," तो बायकोला म्हणाला. "फेटा काढ."

रविवारी धम्मशीला चित्रांची गुंडाळी काखेत मारून पटांगणात पोचली आणि जागच्या जागी थांबली. वाचनालयापुढे बाजार भरला होता. खाटा, पाळणे, पाट, तीन पायांची एक खुर्ची, लोखंडी कपाटसुद्धा. पुष्पाबाई, समोरच्या गल्लीतली, डोक्यावर देव्हारा घेऊन उभी होती, देव मात्र घरी ठेवून आली होती. दोन भाऊ बिजागरीतून काढलेलं घराचं अख्खं दार वाहून आणत होते आणि मागून त्यांची आई ओरडत होती की कुत्रं शिरंन घरात. 'कार्य प्रत्यक्ष पाहाले मिळंन' याचा अर्थ गावानं एकच लावला होता : फुकट पालिश. आणि प्रत्येकाच्या हातात ताट-वाटी. पुढच्या एकुलत्या एक खुर्चीवर गुलाबी फेटा बांधून कडूबा बसला होता. हात जोडून, येणाऱ्या-जाणाऱ्याचा नमस्कार घेत.

धम्मशीलेनं रवीला बाजूला ओढलं.

"काय पुकारलं रे तू?"

"तुम्ही लिहिलं तेच, ताई. फक्त दोन चुका होत्या, त्या म्या सुधरल्या. तुम्ही घाईत असान."

"कोणत्या चुका?"

"पोलिश असं काही नसते. पालिश असते. अन् नुसतं जीवन पुकारून कोणी येते का? जीवन तं सगळ्यायलेच हाय. जेवण म्हणलं, पाहा गर्दी!"

तिला हसावं की त्याच्या भोंग्यात त्यालाच कोंबावं ते कळेना. ती कडूबासमोर गेली आणि खाली बसून हळूच सगळं सांगितलं. पोलंड सांगितलं, सारना सांगितला, पोलिश आणि पालिश सांगितलं. कडूबाचा चेहरा फेट्याखाली थोडा आवळला.

"म्हणजे सत्कार माह्या नाई."

"नाई, काका. माफ करा."

"त्या पोलंडवाल्याचा."

"हाव."

"तो कोठी हाय? आला नाई अजून?"

"तो वारला, काका. लय साल झाले."

कडूबा खुर्चीवर आणखी ताठ बसला. "मंग माहीच खुर्ची. मेलेल्याले फोटो, जित्याले खुर्ची. तू तुह्यं भाषण कर, मी बसतो."

जेवणाचं काय, हा प्रश्न जनकाबाईनं हातात घेतला. तिनं गोळा झालेल्या बायांकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं.

"भोंग्यानं गावाले जेवण सांगतलं," ती म्हणाली. "आता नाई म्हणशीन तं उद्यापासून देऊळघाटच्या भोंग्यावर कोणी इस्वास ठेवंन का? घरटी एक परात पीठ आणा. भगवानराव, वांगे तुमच्या वावरातले."

"माह्ये काऊन?"

"अध्यक्ष कोण हाय?"

भगवानराव मुकाट्यानं फोनवर गड्याला वांगी तोडायला सांगू लागले. पटांगणाच्या कडेला गवऱ्या रचल्या गेल्या. तानाबाई, जनकाबाईची धाकटी बहीण, मीठ-ओवा घालून कणीक मळायला बसली. गोल गोल रोडगे वळले जाऊ लागले.

"रोडगे भाजाले येळ लागते," जनकाबाई लेकीच्या कानात म्हणाली. "लोक कोठी जात नाई आता. तवपर्यंत बोल तू."

तेवढ्यात तुमची गाडी आली, साहेब.

तुम्ही उतरलात, नाकाला रुमाल लावलात, आणि खाटा बघून म्हणालात, "हा काय भंगारबाजार आहे?" कोणीतरी तुम्हाला पालिशचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं. तुम्ही हसलात. ते हसू धम्मशीलेनं नीट पाहिलं. हसण्यात राग असता तर तिला चाललं असतं. त्यात समाधान होतं.

"मी म्हणालोच होतो. हे लोक चित्रकारासाठी आलेले नाहीत. कार्यक्रम रद्द समजा. चित्रं गाडीत टाका."

तिच्या काखेतली गुंडाळी तिनं आणखी घट्ट धरली. एकदा गाडीत गेलेली चित्रं देऊळघाटात पुन्हा यायची नव्हती. वर्षभराचे बारा चित्रकार त्या गाडीच्या डिकीत बसून पंख्याच्या सभागृहात जाणार होते.

"रोडगे होईपर्यंत थांबा, साहेब," ती म्हणाली. "तुम्हीबी जेवूनच जा. तवपर्यंत मी बोलते. कोणी ऐकलं नाई तं चित्रं मीच गाडीत ठेवून देते."

रोडग्याचा वास तोवर तुमच्यापर्यंत पोचला होता. तुम्ही थांबलात.

चित्रं लावायची कुठं हा नवा घोळ. कचेरीनं चित्रं दिली होती, स्टँड दिले नव्हते. कडूबा फेट्यासकट उठला. "येवढं लाकूड पडलं हाय अन् स्टँड शोधून राह्यले," म्हणत त्यानं पहिली खाट उभी केली, तिच्यावर चित्र ताणलं, कोपरे सुतळीनं बांधले. मग दुसरी. मग पाळण्याच्या दांडीवर एक, कपाटाच्या दोन पल्ल्यांवर दोन, त्या उचकटून आणलेल्या दारावर निळ्या दाराचं चित्र. बघता बघता पटांगणात खाटांची गल्ली तयार झाली आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंनी पोलंड लटकू लागलं. लोक ज्याची त्याची खाट ओळखून उभे राहिले. "माह्या खाटीवर काय लावलं रे?" "तुह्या खाटीवर बीट हाय." "अन् तुह्या?" "चिमणी. नुसती धुराची चिमणी. माह्यंच नशीब असं."

धम्मशीलेनं माईक घेतला आणि वीस पानांतलं पहिलं पान उघडलं. 'पूर्व युरोपच्या सांस्कृतिक अवकाशात बोगुमिल सारना यांचे स्थान...' दुसऱ्या वाक्याला बायांची कुजबुज सुरू झाली. चौथ्या वाक्याला दोन माणसं विस्तवाकडे सरकली. सहाव्याला कोणीतरी लांबलचक जांभई दिली आणि ती माईकवर आली. तुम्ही घड्याळ बघितलंत. ती ज्या माणसावर महिनाभर जीव लावून बसली होती, तो तिच्याच तोंडून मरत होता.

देव्हारा मांडीवर घेऊन बसलेल्या पुष्पाबाईला राहवेना. "वो माय, ते अवकाश-फिवकाश राहू दे. तो माणूस कोणत्या गावचा, कोणाचा, ते तं सांग!"

धम्मशीलेनं पानं मिटली. बुडाखाली घातली आणि त्यांच्यावरच बसली.

"सांगते मावशी. आपल्यासारखंच गाव होतं त्याचं. त्याचा बाप गाड्या रंगवत जाये. घोड्याच्या गाड्या. फळीवर लाल फुलं, हिरवे पानं."

"म्हणजे पेंटरच की!" कडूबा.

"पेंटरच. बापानं पोराले शहरात चित्र शिकाले धाडलं. मास्तर म्हणे राजे काढ, घोड्यावरचे सरदार काढ. हा काढे बाजारातले बीट. नापास केला त्याले."

"बीट खराब काढले असंन," मागून एकजण.

"त्या खाटीवर पाहा ना, कसे हायेत ते!"

सगळ्या माना खाटेकडे वळल्या. बीट चांगले होते. माती लागलेले, खरे.

मग तिनं लढाई सांगितली. जर्मन फौज आली ते सांगितलं. सारनाला धरून परमुलखातल्या कारखान्यात नेलं आणि तिथं यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली, ते सांगितलं. कडूबा आपल्या उजव्या हाताकडे बघू लागला.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग डाव्या हातानं शिकला. लढाई संपली, पायी पायी गावाले आला. गाव नाई. लाकडाचे घरं, सगळे जळेल. नुसत्या इटायच्या चिमण्या उभ्या. ते चित्र, चिमण्यायचं, ते त्याच्या गावचं हाय."

ज्याच्या खाटेवर चिमणी होती तो उठला आणि आपल्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला. पुन्हा नशिबाबद्दल काही बोलला नाही.

"लोकायनं कच्च्या फळ्यायचे घरं बांधले. याले कोठूनतरी रंगाचा एक पिंप भेटला. एकच रंग, निळा. थोडासा पांढरा. यानं पहिल्या घराचं दार निळं केलं अन् घरवालीले इचारलं, तुह्यं काय जळालं? ते म्हणे, माह्यं बदक. यानं दारावर बदक काढलं. दुसऱ्या घरचं नासपतीचं झाड गेलं होतं, त्याच्या दारावर झाड. तिसऱ्याचं वाजवाचं वाद्य. असं अख्खं गाव. पैसे कोणापाशीच नव्हते. ज्याचं दार रंगवलं, त्याच्या घरी जेवायचं."

रवी उडालाच. ऑटोच्या पायरीवर चढून त्यानं दोन्ही हात वर केले.

"ऐकलं का हो! जेवण अन् कार्य! म्या काय चूक पुकारलं? सांगा, काय चूक पुकारलं!"

पटांगण जे हसलं ते थांबेना. पुष्पाबाईच्या मांडीवरचा देव्हारा हलायला लागला. धम्मशीलेच्या डोळ्यांतून पाणी आलं हसता हसता, आणि त्या पाण्यात तिला दिसलं की विस्तवाकडे सरकलेली माणसं परत येऊन बसली आहेत.

पुढं तिला बोलावं लागलं नाही, तिच्याकडून बोलवून घेतलं लोकांनी. लग्न झालं का त्याचं? झालं, झोफियाशी. लेकरं? दोन. बर्फात रंग वाळते का? हा प्रश्न कडूबाचा, आणि उत्तर तिला येत नव्हतं, तर त्यानं स्वतःच दिलं, लांबलचक, आणि बहुतेक चुकीचं. मग नवं सरकार आलं ते तिनं सांगितलं. सरकार म्हणे हसरे कामगार काढ, हसरे शेतकरी काढ. सारना म्हणे, हसतील तेव्हा काढीन. झालं, त्याची चित्रं कोणी लावेना.

"म्या काढले!" कडूबा फेटा सावरत ओरडला. "सरकारी भिंतीवर! हसरा शेतकरी. तुमच्यासारखेच एक साहेब आले, म्हणे दात कमी दिसतेत, वाढव. म्या म्हणलं बत्तीस झाले, आता कोठी लावू? तरी दोन वाढवले!"

तुम्हीही हसलात, साहेब. लपवू नका. रुमाल तोंडाला लावून हसलात.

आणि पाठमोऱ्या बाईचं चित्र आलं तेव्हा तर भांडणच जुंपलं. चुलीपुढे उभी बाई, तोंड भिंतीकडे. तिचं तोंड का नाही काढलं, असं तानाबाईनं कणकेच्या हातानंच विचारलं. जनकाबाई म्हणाली, भाकर तव्यावर हाय, तोंड फिरवलं तं करपंन. पुष्पाबाई म्हणाली, कायची भाकर, नवऱ्यावर रुसली हाय ते, मान पाहा. बाया दोन पक्षांत फुटल्या. गडी माणसं मध्ये पडली, त्यांना दोन्ही पक्षांनी गप केलं. त्या गोंधळात तुम्ही पुढे वाकून म्हणालात, "मला तरी रुसल्यासारखीच वाटते." जनकाबाईनं तुम्हाला सुनावलं, "तुमच्या घरची रुसली असंन, साहेब, ही भाकर करून राह्यली." तुमचे कान लाल झाले. पण तुम्ही दोनदा मागं वळून त्या चित्राकडे पाहिलंत. धम्मशीलेनं पाहिलं ते.

शेवटी तिनं दारांचं सांगितलं. सारना म्हातारा झाला, मग मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला अक्कल आली. ट्रक घेऊन आले गावात, निळी दारं काढून न्यायला. सगळ्यांनी दिली. एका म्हातारीनं दिलं नाही. ती म्हणाली, दार तुम्ही न्याल, थंडी कोण नेईल? ते दार अजून त्याच घराला आहे. त्याच्यावरच बदक आहे.

"शाबास!" घराचं दार उचकटून आणलेल्या दोघा भावांची आई मागून ओरडली. "ऐकलं का रे मेल्यायनो? दार घरी न्या आधी!"

रोडगे झाले. राखेतून काढले, फडक्यावर झटकले, फोडले, वरून तूप. वांग्याची भाजी, वरण. पंगत खाटांच्या गल्लीतच बसली, दोन्हीकडे चित्रं. जेवता जेवता माणसं माना वर करून बघत होती, एकमेकांना दाखवत होती, पुन्हा भाकर का रुसवा यावर भांडत होती. धम्मशीला वाढत फिरली. तिला घास गिळायला सवड नव्हती आणि भूकही नव्हती. कडूबाला तिनं दोनदा तूप वाढलं. तो म्हणाला, "पोरी, तो पोलंडवाला चांगला होता. माह्याइतका नाई, पण चांगला होता." दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'पालिश'च्या जागी 'पोलिश' झालं होतं. विचारणाऱ्याला तो सांगतो, चूक होती, सुधरली.

तुम्ही पान खाऊन, हात हलवून गेलात. पंधरवड्यानं धम्मशीलेच्या मोबाइलवर तुमचा अहवाल आला. भगवानरावांनी तो वाचनालयात मोठ्यानं वाचला, बाजारभावासारखा, शब्द तोडत तोडत. 'सदर जमाव गैरसमजुतीतून व भोजनाच्या अपेक्षेने जमलेला असल्याने त्यास श्रोतृवर्ग संबोधता येत नाही. श्रोते : निरंक. मालिका जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग करण्यात यावी.'

धम्मशीला खाली बसली. मग उठली, भिंतीवरचं चित्र पुसलं आणि खडू घेतला. पहिल्याच रेघेला तो रागानं मोडला.

"निरंक म्हणजे?" जनकाबाईनं विचारलं.

"म्हणजे कोणीच नव्हतं, माय."

"मंग तो माह्याशी भांडला कोण? त्या बाईवरून?"

कोणी रडलं नाही, साहेब. तुम्हाला वाटलं असेल रडतील. रवी म्हणाला, पुढचा चित्रकार तिकडं सभागृहात हाय ना, मग जाऊ आपण. भगवानराव म्हणाले, ट्रॅक्टर माझा. पुष्पाबाई म्हणाली, सभागृहात बसाले जागा नसंन तं खाटा नेऊ. तानाबाईनं गवऱ्या कोण घेईल ते विचारलं. कडूबा म्हणाला, फेटा बांधून पुढं मी. संध्याकाळपर्यंत ट्रॉलीत कोण कुठं बसणार यावरून भांडणंही होऊन गेली. धम्मशीला त्या भांडणात मध्ये उभी राहून हसत होती, खडूनं पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून.

दरम्यान तुमच्या सभागृहातलं पहिलं व्याख्यान झालं, त्याचीही खबर आली. तुमच्याच कचेरीतले कर्मचारी पत्र काढून बसवले होते. निम्मे मोबाइलमध्ये, दोघे घोरत. त्यांना तुम्ही श्रोते म्हणून मोजलंत.

तर उत्तर द्या. हुकमानं आलेला झोपला तरी श्रोता, आणि चुकून आलेला जागचा हलला नाही तरी निरंक, हे कोणत्या नियमात बसतं? माणूस श्रोता कधी होतो, साहेब? घरातून निघतो तेव्हा, की कान देतो तेव्हा? ट्रॉली येत्या रविवारी निघते आहे. त्याच्या आत सांगा, आणि लेखी सांगा.